खुलासा : २१ दिवसांच्या 'नज'बद्दल

"रोज एक नज (शिकण्याची आठवण करून देणारा छोटा मेसेज) पाठवा, २१ दिवसांत शिकण्याची सवय लागते, एक दिवस चुकला की पुन्हा शून्यापासून" हा ट्रेनिंगवाल्यांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज मुळात माझा आहे आणि तो चुकीचा आहे.

२१ हा आकडा अमेरिकन प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० च्या पुस्तकातून आला. बदललेला चेहरा अंगवळणी पडायला पेशंटना किमान २१ दिवस लागतात, हे त्यांचं निरीक्षण. 'किमान' पुढे कुठे गळला कोण जाणे!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये आला. जेवणासोबत फळ खाण्यासारखी सवय मुरायला साधारण ६६ दिवस. माणसागणिक अंदाज १८ ते २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. हा अभ्यास ट्रेनिंगचा नव्हे, त्यामुळे ६६ हाही मंत्र नाही.

आमच्याकडे एकीने गणपतीच्या सुट्टीत दोन दिवस चुकले म्हणून कोर्सच सोडला. ते मला लागलं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तिथे हा टाका.