खिडकीतलं झाड कोणाच्या नावावर?

पुण्यात झाडीतलं घर शोधायचं तर आधी एजंटची भाषा शिकावी लागते. 'फुल ग्रीनरी' म्हणजे समोर एक गुलमोहर. 'टेकडी फेसिंग' म्हणजे बाथरूमच्या खिडकीतून मान वाकडी केली तर दिसणारा वेताळ टेकडीचा कोपरा. 'शांत लोकॅलिटी' म्हणजे रिक्षा मिळत नाही. एरंडवणं, प्रभात रोड, मॉडेल कॉलनी, सहकारनगर यांतलं कुठलंही नाव घ्या, एजंट सुस्कारा सोडतो, बजेट विचारतो आणि दुसराच फ्लॅट दाखवायला नेतो.

नेतो तोही मे महिन्यात. गुलमोहर पेटलेला, भिंती खडखडीत वाळलेल्या. हाच मूळचा मादागास्करचा पाहुणा फेब्रुवारीत नुसता खराटा असतो. लाकूड ठिसूळ, मुळं वरवरची. पहिल्या वादळात फांदी कोणाच्या गाडीवर टाकायची हे त्याचं ठरलेलं असतं. माझं विचाराल तर असलं घर जुलैत बघावं, सलग चार दिवस पाऊस झाल्यावर. तेव्हा एजंटला हमखास ताप येतो. चावी मागून घ्यावी.

आत गेल्यावर खिडकीकडे धावायचं नाही. चारांपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तिच्यापाशी थांबावं. मोबाईलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरावा. समोरून गुळगुळीत वाटणारा डिस्टेंपर बाजूच्या उजेडात तळलेल्या पापडासारखा फुगलेला दिसतो. मग बोटाच्या पेरानं ठोकायचं. 'टक्' वाजलं तर प्लास्टर धरून आहे, 'डब' वाजलं तर सुटलंय. कपाट सरकवून मागे हात फिरवावा. पांढरी पूड लागली तर तो लोणा, म्हणजे ओलीनं भिंतीबाहेर आलेला क्षार. दाट सावलीतल्या भिंतीला ऊन मिळत नाही, वाराही बेताचा, त्यामुळे एकदा भिजलेली भिंत दिवाळी आली तरी दमटच. मालक म्हणतात, "ते जुनं आहे हो." जुनं असेल तर हाताला ओलं का लागतं, हे विचारायचं नाही, बोट रुमालाला पुसायचं आणि किंमत कमी करून सांगायची.

वरच्या मजल्यावरचं घर असेल तर गच्चीवर जाणं आलंच. पावसाळी पाइपच्या तोंडावरची जाळी बघावी. शेजारी सोनमोहर असेल तर त्याच्या चिमुकल्या पानांची आणि पिवळ्या पाकळ्यांची दोन बोटं जाड गोधडी जाळीवर बसलेली असते. पाणी अडतं, गच्चीचं तळं होतं आणि ते तळं स्लॅबमधून तुमच्या बेडरूमचा पत्ता शोधतं. जाळी कोण साफ करतं, हे चेअरमनना विचारावं. "आम्ही सगळे मिळून करतो" हे उत्तर आलं तर कोणीच करत नाही. जाता जाता पाणी तापवणाऱ्या सोलरवर सावली पडते का तेही पाहावं, नाहीतर जानेवारीत 'गरम पाणी' हा शब्द फक्त सोसायटीच्या सूचनाफलकावर उरतो.

जुन्या सोसायट्यांत ड्रेनेजचे पाइप भाजलेल्या मातीचे असतात आणि झाडाच्या मुळांना त्यांचे सांधे फार आवडतात. केसाएवढी मुळी शिरते आणि आत जटा वाढवते. चेंबर उघडून कोणी दाखवत नाही. तळमजल्यावरच्या काकूंना विचारावं, "वर्षातून कितीदा तुंबतो?" त्यांच्याकडे तारीखवार नोंद असते.

पार्किंगवर उंबर असेल तर गाडीवर पिकल्या फळांचा आणि वटवाघळांचा रात्रपाळीचा अभिषेक. सातवीण असेल तर ऑक्टोबरात रात्री एकदा चक्कर मारावी. तो वास काहींना स्वर्गीय वाटतो, बाकीचे खिडक्या लावून क्रोसिन घेतात.

क्षेत्रफळाला स्वतःचा टेप न्यावा. एजंटचे साडेनऊशे फूट टेपवर सहाशे ऐंशी भरतात. रेरा या घरखरेदीच्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेत, आतल्या भिंती धरतात, बाल्कनी नाही. एजंट मोजायला सुरुवातच बाल्कनीपासून करतो, कारण झाड तिथे आहे. कागदांत इंडेक्स 2 (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, एवढं वकिलाला दाखवावं. फ्लॅट तुमच्या नावावर करताना सोसायटी घेते ते हस्तांतरण अधिमूल्य शहरात जास्तीत जास्त 25,000 रुपये. त्यावरच्या रकमेला 'ऐच्छिक देणगी' म्हणतात आणि ती भरेपर्यंत सेक्रेटरी गावाला असतात. मुद्रांक शुल्क पुण्यात 7 टक्के, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 6. हा एक टक्का कळला की अनेक नवऱ्यांना स्त्री-पुरुष समानता अचानक पटते.

राहता राहिलं ते झाड, ज्याच्यासाठी पंधरा-वीस लाख जास्त मोजायचे. रस्त्याकडेचं असेल तर ते महापालिकेचं. आवारातलं असेल तर सोसायटीचं, आणि सोसायटीच्या निम्म्याहून जास्त सभासदांनी पुनर्विकासाला होकार दिला की बिल्डरच्या नकाशावरचं. बहुतेक वेळा मात्र ते शेजारच्या बंगल्यातलं निघतं. तिथे दोघंच राहतात, मुलं न्यू जर्सीत, फाटकाला गंज. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि त्याआधी जाहीर नोटीस झाडावरच लावतात. म्हणून टोकनचा चेक फाडण्याआधी खाली उतरून खोडाला एक प्रदक्षिणा घालावी. एजंट वरून ओरडतो, "सर, तिकडे काय बघताय, व्ह्यू इथून आहे!"