परदेशातून: दादाचा विंच आणि तांडेलचं लाईफजॅकेट

आमच्या दादाचं, म्हणजे मावसभावाचं, बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) वर्कशॉप आहे, ट्रॉलरचे विंच, म्हणजे जाळं ओढायची यंत्रं बनवतो, माल वेरावळ-पोरबंदरला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ ला नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झाले तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर त्याचं एकच तुणतुणं, आता धंदा बुडणार, आणि कायदा केला म्हणून समुद्र ऐकतो का. मी स्कॉटलंडमध्ये पीटरहेडला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. दोन ओळी टाकल्या की लगेच, तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं.

(बडोद्याचा समुद्राशी काय संबंध असं आत्याने विचारलंच. अगं द्वारकेकडचं ओखामंडळ गायकवाडीतच होतं, सयाजीराव महाराजांनी हॉर्नेल नावाच्या समुद्री जीवांच्या अभ्यासकाकडून तिथल्या समुद्री जीवांचा रिपोर्ट करून घेतला, पहिला भाग १९०९ चा.)

मुळात दादा उगाच घाबरतोय. त्यातल्या कामगार-सुरक्षेच्या कोडात एस्टॅब्लिशमेंट म्हणजे साधारण दहा तरी कामगार लागतात, त्याच्या गिऱ्हाइकांच्या ट्रॉलरवर तांडेल (बोटीचा कप्तान) धरून सात-आठ जण, म्हणजे त्यांना तो बहुधा लागूच नाही. मासेमारीच्या कामासाठी आयएलओचं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं) वेगळंच कन्व्हेन्शन, म्हणजे देशांमधला करार, आहे, नंबर १८८, २००७ चं. लेखी करार, मेडिकल, तीन दिवसांपेक्षा लांब फेरी असेल तर चोवीस तासांत दहा आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती. ब्रिटनने ते २०१९ ला रॅटिफाय केलं, आपण अजून नाही. इथे उघड्या डेकवर लाईफजॅकेट अंगात हवं, पडायचा धोकाच नाही असं मालकाने दाखवलं तरच सूट. मागे सोमनाथहून वेरावळ बंदरावर गेलो होतो तेव्हा एका तांडेलने मला जॅकेटं दाखवली, केबिनच्या छताला बांधलेली, प्लास्टिकसकट. चेकिंगला लागतात म्हणाला.

पण इथेही स्वर्ग नाही हं. वर्कशॉपवर वलसाडकडचा एक खलाशी येतो, माझं बडोद्याचं गुजराती ऐकून खुलला. ट्रान्झिट व्हिसावर आलाय, म्हणजे कागदोपत्री तो नुसता बोटीवर चढायला ब्रिटनमधून चाललाय, काम बारा सागरी मैलांच्या बाहेर, म्हणून इथलं किमान वेतन नाही, झोपायचं बोटीतच. विश्रांतीचा तक्ता दाखवला त्याने, अख्ख्या महिन्याचा, एकाच निळ्या पेनाने एकाच बैठकीत भरलेला, रोज बरोब्बर दहा तास. आम्ही दोघं हसलो. पण खोटा म्हणायला तक्ता तरी आहे, वेरावळच्या माणसाने काय दाखवायचं?

आणि विंच. इथे हात पोचेल तिथे लाल इमर्जन्सी स्टॉप असतो. दादाचा विंच मेन इंजिनवरून बेल्टने फिरतो, थांबवायचा तर क्लच सोडायचा, आणि रोपात कुणाचा हात गेला तेव्हा क्लचवाला नेमका दुसरीकडे बघत असेल तर संपलं. दादाला हे माझ्याहून जास्त कळतं. म्हणतो, अरे गार्ड, स्टॉप सगळं लावतो मी, पण शेजारच्या शेडवाला लावणार नाही, त्याचा माल स्वस्त पडणार, गिऱ्हाईक तिकडे. अरे मग हेच तर म्हणतोय ना मी, सगळ्यांनाच लावायला लागलं तर तुझं काय जातंय!

ग्रुपवर यावर कुणी काही बोललं नाही, कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं. रात्री दादाचा वेगळा मेसेज आला, फक्त मला: तो लाल स्विच खाऱ्या पाण्यात किती टिकतो रे, आतून फोटो काढून पाठव.