डॉल्फिन आणायचाय म्हणता?

सिंगापूरहून परतलेल्यांचे डॉल्फिनला बिलगलेले फोटो या आठवड्यात पुन्हा आले. खाली तोच प्रश्न: “आपल्याकडे का नाही हो असं?” असू दे की! कृती लिहून घ्या.

समुद्र लांबचा निवडा. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरच्या रिसॉर्टवाल्यांनी २००८-०९ मध्ये पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांजवळून २७ डॉल्फिन घेतले. तिथे कोण बघायला जातंय?

कागदांची चिंता नको. ‘पकडीने जातीला धोका नाही’ असा दाखला निर्यात करणाऱ्या देशानेच द्यायचा असतो. तेव्हा सॉलोमनचा कोटा वर्षाला १०० होता. त्यासाठी समुद्रात किमान ५,००० तरी हवेत, असं तज्ज्ञ म्हणाले. मोजले होते का? सोडा हो.

तरुण माद्या घ्या. लवकर शिकतात.

आता प्रवास. कॅनव्हासची झोळी, परांसाठी दोन भोकं, खाली फोम. कातडी सुकू नये म्हणून मलम चोपडा, पण डोक्यावरच्या नाकपुडीला लागू देऊ नका. पाण्यात स्वतःचं वजन न जाणवणारा हा प्राणी झोळीत त्याच वजनाने छाती दाबून घेतो. अंगावर चरबीचा जाड थर, उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः पर आणि शेपटीतून. म्हणून पाणी शिंपडत राहा. गुंगीचं औषध बेताने, कारण त्याचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही, प्रत्येक वेळी ठरवून घ्यावा लागतो. एवढं सगळं माहीत असलेल्या लोकांच्या हाताखाली २०१२ मध्ये त्या २७ पैकी वेन वेन नावाचा डॉल्फिन विमानातच मेला. फिलिपिन्स ते सिंगापूर, जेमतेम तीन तास! उतरायला तासही उरला नव्हता. त्याआधी २०१० मध्ये मलेशियातल्या लंगकावीत त्यांच्यातल्याच दोन माद्या जिवाणूच्या संसर्गाने गेल्या होत्या. आणि तुम्ही म्हणता, “बघा कसा हसतोय!” अहो, तो जबड्याचा आकार आहे. वेन वेन मेला तेव्हाही तसाच हसत असणार.

मेलेला मासा खात नसेल तर उपाशी ठेवा. त्याला पाणीही माशातूनच मिळतं, म्हणजे तहान फुकट. गोठवलेल्या माशातलं ब१ जीवनसत्त्व कमी होतं. गोळी त्या माशाच्या कल्ल्यात खुपसा.

आपल्याकडे का नाही? आणले होते, चेन्नईजवळ, १९९०च्या दशकाच्या शेवटी. सहा महिन्यांत सगळे मेले. पुढे कोची, नोएडा, महाराष्ट्रातही बेत शिजले, तेव्हा मे २०१३ मध्ये केंद्राने दारच लावलं. म्हणून तुम्ही तिकीट परदेशात काढता, तेही पोरांना ‘निसर्ग’ दाखवायला! लाज वाटू द्या थोडी. मालवणला जा, सकाळी होडीत बसा. नावाड्याला “अजून जवळ घे” म्हणू नका. नाही दिसला तर गुपचूप परत या, पैसे परत मागू नका.