दुकान बंद पडल्याचं सोंग आणि त्याची फुकटची वाहवा

सीझन तोंडावर आला की गोव्यातल्या हॉटेल-कॅफेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मार्केटिंगचे सल्ले वाहायला लागतात. त्यातला एक मजकूर सध्या पेडण्यापासून काणकोणपर्यंत फिरतोय. सार असं: 2010 साली 'गुड ओल्ड गेम्स' ऊर्फ जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानानं स्वतःच बंद पडल्याची आवई उठवली, चार दिवसांनी थाटात परत उघडलं आणि छदाम न खर्चता जगभर गाजलं. काही गिऱ्हाइकं चिडली, पण ती उगाच हळवी. कुणाचं काही गेलं नाही, माफीही मागून झाली, दुकान आजही चालू आहे. तेव्हा गोवेकर व्यावसायिकांनो, तुम्हीही एकदा करून बघाच.

आधी काय झालं ते बघू. जीओजी हे तेव्हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या गेम-कंपनीचं दुकान, 2008 साली सुरू झालेलं. जुने पीसी गेम सहा-दहा डॉलरांत विकायचं, तेही डीआरएमशिवाय, म्हणजे गेमला कसलं डिजिटल कुलूप नाही. फाइल एकदा उतरवली की तुमची. 19 सप्टेंबर 2010 च्या रविवारी साईट गायब झाली आणि तिथं एक निवेदन झळकलं: आहे त्या स्वरूपात हे चालवणं शक्य नाही, सेवा बंद करतोय, दोन वर्षांच्या साथीबद्दल आभार. घेतलेले गेम पुन्हा उतरवता यावेत म्हणून याच आठवड्यात काहीतरी सोय करू, असंही खाली होतं. मग 22 तारखेला उलगडा झाला: बंद वगैरे काही नाही, नवी साईट येतेय, 'बीटा'चा, म्हणजे अजून चाचणीत असल्याचा, शिक्का निघतोय आणि 1998 चा गाजलेला 'बाल्डर्स गेट' विक्रीला येतोय.

आता 'हळव्या' गिऱ्हाइकांचं. निवेदनात कुठंही डोळा मारलेला नव्हता. 'सेवा बंद करतोय' हे सरळ लिहिलं होतं, आणि लोकांनी वाचलं तेच खरं मानलं. शिवाय काळ कोणता, तेही बघा. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एमएसएन म्युझिकचे परवाना-सर्व्हर बंद करायचं जाहीर केलं होतं, म्हणजे विकत घेतलेली गाणी नव्या कॉम्प्युटरवर वाजणार नाहीत असं ठरत होतं. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलची विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती, पैसे परत देऊन का होईना. ऑनलाइन घेतलेली वस्तू नक्की आपली असते का, हा प्रश्न त्या दोन वर्षांत ऐरणीवर होता आणि 'आमच्याकडे तुमची असते' असं म्हणणारं दुकान म्हणजे जीओजी. त्यानंच ही थट्टा करावी? दुसऱ्या एखाद्या दुकानानं केली असती तर लोक हसून विसरलेही असते.

'कुणाचं काही गेलं नाही' हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो इतका पटतो. ज्यानं इन्स्टॉलर आपल्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवला होता त्याचा गेम त्या चार दिवसांतही चालू होता. कुलूप नव्हतंच, त्यामुळे किल्ली हरवायचा प्रश्न नव्हता. पण सगळ्यांनी उतरवून ठेवलं होतं का? 2010 ची आपल्याकडची लाइन आठवा. तेव्हा ट्राय या दूरसंचार नियामकाच्या व्याख्येत 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. त्या वेगानं 600 एमबीचा एक जुना गेम उतरवायला पाच तासांच्या वर लागतात. बीएसएनएलच्या कित्येक प्लॅनमध्ये महिन्याचा कोटा दोन-अडीच जीबी आणि रात्री दोन ते सकाळी आठ तेवढं मोफत. म्हणजे दोनला गजर लावून उठायचं, डाउनलोड लावायचं आणि मध्ये लाइट जाऊ नये म्हणून शांतादुर्गेला हात जोडायचे. एका रात्रीत एक गेम. डॉलरमध्ये पैसे भरायला चालणारं कार्ड बहुतेक पोरांकडे नव्हतंच, बोटीवर नाहीतर आखातात असलेल्या मामाकडे ते असायचं. एवढ्या खटपटीनं घेतलेल्या पाच-सहा गेमांपैकी दोनच उतरलेले असतील तर बाकीचे 'आपल्या खात्यात सुरक्षित आहेत' या भरवशावरच असायचे. कधीही, कितीही वेळा उतरवून घ्या, असं दुकानच सांगत होतं. त्या चार दिवसांत तोच भरवसा गेला. गेम पुढे परत मिळाले हे खरं, पण मिळतील की नाही हे रविवारी कुणालाच ठाऊक नव्हतं.

नवी साईट बसवायला जुनी उतरवावी लागते, असाही एक बचाव त्या मजकुरात आहे. लागत असेल. मग 'नूतनीकरणासाठी बंद, गुरुवारी भेटू' असं लिहायला कुणी अडवलं होतं?

चिडणारे मूठभर होते का? संख्या त्या मजकूरवाल्याकडेही नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. प्रतिक्रिया एका सुराच्या नव्हत्या. काहींनी डाव ओळखला होता, काही हसले, काही 'बाल्डर्स गेट' आला म्हणून सगळं विसरले, आणि काहींनी पुन्हा इथं पाऊल ठेवणार नाही म्हटलं. मला विशेष वाटतं ते दुकान गेलं म्हणून मनापासून हळहळलेल्यांचं. सर्वांत जवळचे गिऱ्हाईक तेच, आणि सर्वांत जास्त फजिती त्यांचीच झाली. ज्याला दुकानाचं सोयरसुतक नव्हतं, त्याला काय फरक पडणार होता?

माफीबद्दल. ती मागितली गेली, खरी गोष्ट. पण कशी? कंपनीचे वरिष्ठ ख्रिस्ती मठवाशांसारखे झगे घालून कॅमेऱ्यासमोर आले. लेखी म्हणणं असं की, ज्यांना फसवल्यासारखं वाटलं त्यांची क्षमा असावी, पण आम्ही लहान कंपनी, जाहिरातीला मोठं बजेट नाही, म्हणून बोलबाला करायची संधी सोडवली नाही. क्षमा आणि नव्या मालाची घोषणा एकाच दमात. आमच्या गोव्यात पापकबुलीला गेलेला माणूस पाद्रीसमोर रेटकार्ड तरी ठेवत नाही.

उरलं 'यश'. दुकान आजही चालतं, हे खरंच आहे. पण ते त्या चार दिवसांमुळे चालतं, हे कुठून काढलं? 'बाल्डर्स गेट' कुलपाशिवाय, दहा डॉलरांत, ही बातमी नुसती दिली असती तरी जुन्या खेळाडूंच्या उड्या पडल्या असत्या. पुढची वर्षं दुकान टिकलं ते मालाच्या यादीवर आणि बिनकुलपाच्या धोरणावर. फेब्रुवारी 2024 मध्ये एका अभिनेत्रीच्या मृत्यूची खोटी बातमी कर्करोगाच्या जागृतीसाठी म्हणून पसरवली होती, आठवते ना? चर्चा तिचीही देशभर झाली. दुसऱ्याच दिवशी ती जिवंत असल्याचं कळलं आणि जाहिरात कंपनीवर माफी मागायची वेळ आली. चर्चा मोजायची तर ती मोहीमही 'यशस्वी' म्हणावी लागेल.

आणि 'तुम्हीही करा' या सल्ल्याचं काय? गोव्यात बंदची पाटी नवी नाही. पावसाळ्यात शॅक उतरवतात, कित्येक कॅफे जूनला दार लावून ऑक्टोबरला उघडतात, गिऱ्हाइकाला ते माहीत असतं. ऐन सीझनला 'कायमचे बंद' असं टाकलंत तर आधी फोन करील तो डिसेंबरचा ॲडव्हान्स भरलेला पाहुणा, मग जागेचा मालक, मग पगार बुडेल या धास्तीनं स्वयंपाकी, जो तोवर शेजारच्या हॉटेलात विचारूनही आलेला असेल. पोदेर तर सोमवारपासूनच तुमचे पाव दुसऱ्या दारात टाकील, आणि गुरुवारी 'अरे, गंमत होती' म्हणून सांगायला गेलात की सायकलची घंटी वाजवत म्हणेल, आजचे संपले, उद्याचं बघू.