पाला पेटवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर, मल्चर चालवणाऱ्याकडून

उसाच्या तोडी चालू झाल्या की आपल्या कोल्हापुरातल्या करवीर-कागल-शिरोळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतोय. त्यात म्हणणं असं की मल्चरला, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडून उसाच्या पाल्याची बारीक कुट्टी करणाऱ्या यंत्राला, मोठा ट्रॅक्टर लागतो म्हणून गुंठ्यावाल्याला तो परवडत नाही, दगड लागला की मशीन भंगारात, ब्लेडला कोयत्यासारखी धार पाहिजे आणि मशीन जमिनीला टेकवून चालवायचं, आणि एवढं करून कुट्टी केली तरी हुमणी (मुळं खाणारी जमिनीतली अळी) वाढते, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं येणारं पुढचं पीक) फुटत नाही, त्यापेक्षा पाला पेटवलेला बरा. लोक वाचून खरंच काडी लावायला लागलेत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

हुमणीचं आधी, कारण भीती त्याचीच दाखवतात. हुमणीचे भुंगे वळवाच्या पावसानंतर मे-जूनमध्ये जमिनीतनं बाहेर येतात, संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर बसतात आणि अंडी परत जमिनीत घालतात. आपण पाला पेटवतोय जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा ती खाली मातीत असते, वरच्या जाळाची धग तिथपर्यंत पोचत नाही. हुमणी मारायचीच असेल तर भुंगे निघाले की झाडं हलवून गोळा करा, प्रकाश सापळा लावा.

खोडवा फुटत नाही हे खरं कधी होतंय, तर कुट्टी बुडख्यावर तशीच साचली तर. ती ओढून सरीत घ्यायची आणि बुडखे जमिनीलगत छाटायचे, हे काम मल्चर पुरतं करत नाही, त्याला कोयता नाहीतर बुडखा छाटायचं यंत्र पाहिजेच. मग हेक्टरी 8 ते 10 टन पाचट (उसाचा वाळका पाला) धरून 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवायचं जिवाणू कल्चर टाकायचं. तीस गुंठ्याला हिशेब साधारण 24, 30 आणि 3 किलोचा बसतो. पेटवलं की सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात गेला, राखेतनं तो परत येत नाही.

आता दगड. मल्चरची ब्लेडं रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या दंडगोलाला, घट्ट बसवलेली नसतात, पिनेवर लोंबत असतात, दगड लागला की मागं वळतात आणि फिरताना परत सरळ होतात. मशीन भंगार होतंय ते एक ब्लेड तुटलं तरी तसंच रेटल्यामुळं, कारण रोटरचा बॅलन्स जातो, मशीन थरथरतं आणि बेअरिंग बसतं. थरथर जाणवली की थांबा, तुटलेल्या ब्लेडाबरोबर त्याच्या समोरचंही बदला, वजनाला सारखी जोडी घाला, बोल्टही नवा घ्या. आणि दगडापेक्षा मला भीती वाटते ती ठिबकच्या नळीची आणि सुतळीची. हे रोटरच्या टोकाला गुंडाळलं की आत बेअरिंगच्या सीलपर्यंत जाऊन बसतंय, बाहेरनं काहीच दिसत नाही आणि सील फाटला की ग्रीस गेलं, माती आत गेली. शेतात घुसायच्या आधी नळ्या गोळा करा आणि काम झाल्यावर दोन्ही टोकं बघून सुरीनं कापून काढा.

धारेचं म्हणाल तर हातोडी ब्लेडला वस्तऱ्याची धार लागतच नाही, ते वजनावर आणि वेगावर तोडतंय. वाय आकाराच्या ब्लेडला धार लावा, पण सगळी सारखी घासा, एक हलकं झालं तर परत तोच बॅलन्सचा घोळ. कुट्टी बारीक पाहिजे तर पीटीओ (मशीन फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) मिनिटाला 540 फेऱ्यांवर ठेवा आणि ट्रॅक्टर हळू हाका, मशीन खाली दाबून काही होत नाही, माती लागली की ब्लेडं झिजतात, बेल्टवर ताण येतो. उंची मागच्या रोलरनं लावायची. आणि वाफसा (जमिनीत बेताची ओल) नसताना घुसू नका, ट्रॅक्टरचं चाक सरीत दाबून जमीन बसली तर तो दोष मल्चरचा नाही.

ट्रॅक्टरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उसाच्या पाल्याला बऱ्यापैकी ताकदीचा ट्रॅक्टर लागतो, बांधावरच्या गवताला आणि बारीक तणाला मात्र अरुंद मशीन छोट्या ट्रॅक्टरवर चालतं. पण तीस गुंठेवाल्यानं विकत घ्यायला सांगतंय कोण? भाड्यानं बोलवा, नाहीतर चार-पाच घरांनी मिळून घ्या आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर यांत्रिकीकरणात अनुदान मिळतंय का तेही बघा. वाटणीत घेतलं की ग्रीस कोण मारणार हे आधीच ठरवा, सगळ्यांचं मशीन म्हणजे कुणीच ग्रीस मारत नाही असंच होतंय. रोज कामाच्या आधी रोटरच्या बेअरिंगला आणि पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) ग्रीस, गिअरबॉक्सचं ऑइल बघायचं, नवीन बेल्ट पहिल्या काही तासांत सैल होतात ते ताणायचे, आणि बदलायचे झाले तर पूर्ण सेट बदलायचा.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, मला तीच सगळ्यात जास्त सांगायची आहे. मागचा पडदा काढून मल्चर चालवू नका, दगड गोळीसारखा सुटतो, पोरांना लांब ठेवा. आणि ब्लेड बदलायला खाली वाकायच्या आधी ट्रॅक्टर बंद, पीटीओ काढलेला, चावी खिशात, मशीनखाली ठोकळे लावलेले, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर हात घालायचा नाही, आणि रोटर पूर्ण थांबलाय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तर नाहीच नाही.