बेरीज बावीसच

परवा अभ्यास मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त हातात पडलं आणि त्या बैठकीला मी गैरहजर होतो असं कळलं. सकाळी साडेदहापासून दुपारी साडेतीनपर्यंत मी त्या खोलीत होतो. इतिवृत्ताला जोडलेली अभ्यासक्रमाची अठ्ठावीस पानं मी टाईप केलेली आहेत. इतकंच काय, ज्या तक्त्यात मला गैरहजर दाखवलंय तो तक्तासुद्धा माझ्याच जुन्या फाईलमधून उचललाय. रेघांची जाडी ओळखू येते हो.

आमचा कोर्स बीबीए(सीए). म्हणजे धंदा बाहेर आणि कॉम्प्युटर कंसात. पुणे विद्यापीठात याला पूर्वी कॉमर्सकडचं बीसीए म्हणत. नाव बदललं आणि त्या कंसानं गावोगावच्या आत्यांची सोय झाली: "आमचा बंटी सीए करतोय." खोटं काहीच नाही त्यात. लग्नाच्या बायोडेटात तर कंसही गळून पडतो. २०२४-२५ पासून असे कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या हाताखाली गेले, प्रवेशाला सीईटी आली, तेव्हा ते चुकवायला मुंबईकडच्या काही कॉलेजांनी बीएमएसचं थेट बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) करून टाकलं. आत शिकवायचं काय यापेक्षा बाहेर पाटी काय लावायची यात आपली बुद्धी जास्त चालते.

कॉलेज स्वायत्त झाल्यामुळे अभ्यासक्रम आम्हीच करायचा. नियमानं मंडळावर विभागातले सगळे शिक्षक, बाहेरचे तज्ज्ञ, विद्यापीठाचा एक माणूस, उद्योगक्षेत्राचा एक आणि एक माजी विद्यार्थी. मी तासिका तत्त्वावर आहे. तास घेतला की पैसे. अभ्यासक्रम लिहिणं हा तास नव्हे. "तुम्ही तरुण आहात, टायपिंग चांगलं आहे," या दोन गुणांवर काम माझ्याकडे आलं.

दोन महिने मी एक विषय लिहीत होतो. कॉलेजच्या कोपऱ्यावर एक किराणा दुकान आहे, त्याची उधारीची वही घ्यायची आणि तिचा डेटाबेस करायचा. ऐकायला सोपं आहे. त्या वहीत 'लाल गाडीवाले', 'जाड भिंगाच्या मॅडम', 'वरच्या आळीचे काका (धाकटे)' अशी खाती आहेत. आता डेटाबेसला प्रत्येक माणसाची एकमेव ओळख लागते, प्रायमरी की. मोबाइल नंबर घ्यावा तर घरात चौघं आणि नंबर एक. गाडी घ्यावी तर ती विकतात. खातं माणसाचं की घराचं, काका वारले तर येणं कुणाकडून, हे प्रश्न लेखाशास्त्राचे की कॉम्प्युटरचे? तिथं पोरांना पहिल्यांदा कळलं असतं की हे दोन विषय एकच आहेत. नाहीतर आत्ता काय होतं? सकाळी आठला नाव-जमा, नऊला टर्बो सी या प्रोग्रॅमिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरची निळी खिडकी. मिश्रण पोरांनी घरी करायचं, ओआरएससारखं.

असं मिश्रण जगात झालेलं आहे. १९५१ साली लंडनच्या लायन्स या चहाची दुकानं चालवणाऱ्या कंपनीनं आपल्या बेकरीचे हिशेब करायला स्वतःचा कॉम्प्युटर बनवला, लिओ त्याचं नाव. आपल्याकडे श्यामसुंदर गोएंकांना धंद्याला लागेल असं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, बसवून लिहून घेतलं. तेच टॅली, १९८६ सालचं. हे मी बैठकीत सांगायला सुरुवात केली. विद्यापीठाचे तज्ज्ञ म्हणाले, "चहावरून आठवलं."

पण खरे अध्यक्ष वेगळेच होते. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन आमचे भाऊसाहेब बसले होते. ऑफिसचे. क्रेडिटची, म्हणजे कुठल्या विषयाला किती वजन त्या आकड्यांची, बेरीज जुळवायला बोलावलं होतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सत्राला २२ क्रेडिट. त्यात मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस (म्हणजे भारतीय ज्ञान परंपरा) असे विषयप्रकारांचे खाने. भाऊसाहेबांनी एक्सेलमध्ये सूत्र घातलं होतं की बेरीज २२ च्या वर गेली की खाना लाल होतो. पहिल्या तासात हे मंडळाच्या लक्षात आलं आणि त्यानंतर कुणीही कुणाशी वाद घातला नाही. सगळे भाऊसाहेबांकडे बघून बोलायला लागले. पीएचडी झालेली माणसं विचारत होती, "बघा ना जरा, लाल जातंय का?"

आमचे उद्योगक्षेत्राचे प्रतिनिधी निम्मी बैठक व्हरांड्यात फोनवर होते. मध्येच आत आले आणि म्हणाले, "पोरांना बोलता येत नाही. सॉफ्ट स्किल्स टाका," आणि पुन्हा बोलायला बाहेर गेले. सर्वांनी माना डोलावल्या. दोन क्रेडिट. बेरीज २४. खाना लाल.

"कुणाचे तरी दोन काढावे लागतील," भाऊसाहेब म्हणाले आणि चष्म्यावरून खोलीभर बघितलं. कॉस्टिंगचे सर कायम नोकरीत आहेत. त्यांचे तास कमी झाले तर वर्कलोड घटणार, तिथून पद धोक्यात, तिथून संघटना दारात. नजर पुढे सरकली. सरकत सरकत माझ्यावर थांबली.

"सर, तुमचा विषय फार चांगला आहे."

या वाक्यानंतर आयुष्यात माझं कधी भलं झालेलं नाही.

"दोनाचा करा, आणखी चांगला होईल."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, चार युनिटं आहेत, एकात एक गुंतलेली."

"पहिली दोन ठेवा. चौथं पोरं तशीही ऑप्शनलाच टाकतात."

"आणि तिसरं?"

"तिसरं चौथ्यासाठीच आहे ना? मग चौथं गेल्यावर ते एकटं काय करणार?"

"पण दुकानात जाण्याचं काम तिसऱ्यात आहे."

"दुकानाचं चित्र काढून फळ्यावर समजवा. प्रॅक्टिकल काढून थिअरीत घ्या, टाईमटेबलला पण सोपं जातं." एवढं बोलून त्यांनी एंटर दाबलं. खाना पांढरा झाला. आणि खोलीत चक्क टाळ्या वाजल्या हो! एका खान्यासाठी.

भाऊसाहेबांना राग येऊ नये म्हणून मी गप्प बसलो, कारण माझं बिलही तेच काढतात. पण हिशेब करून बघा. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. माझे दोन थिअरी, दोन प्रॅक्टिकल, म्हणजे ९० तास होते. आता दोन थिअरी, ३० तास. एका एंटरमध्ये माझं साठ तासांचं मानधन गेलं आणि ते सॉफ्ट स्किल्सवाल्यांच्या खात्यात जमा झालं. त्यांची नेमणूक अजून झालेली नाही. ती कुणाची होणार हे मात्र व्हरांड्यात ठरल्यासारखं वाटत होतं. असो. हे विनोदी लेखात लिहायचं नसतं.

भारतीय ज्ञान परंपरेत कौटिल्य टाकायचं एकमतानं ठरलं. अर्थशास्त्रात सरकारी पैसा खाण्याचे ४० प्रकार दिले आहेत. हजर माणसाला गैरहजर लावणं त्यात आहे का, हे मी आता मन लावून वाचणार आहे.

झालं असं होतं की टाळ्यांनंतर विभागप्रमुख मला हळूच म्हणाले, "पाहुण्यांचं काहीतरी बघा." मी त्याच कोपऱ्यावरच्या दुकानातून बारा बाटल्या पाणी, किलोभर वेफर्स आणि दहा पुडे बिस्किटं आणली. ६४० रुपये, उधार. तेवढ्यात हजेरीचा कागद फिरून गेला. खाली जागा मोकळी दिसली, तिथं तज्ज्ञांनी प्रवासभत्त्याची बेरीज केली.

काल भाऊसाहेबांना भेटलो. "भाऊसाहेब, तुम्ही मला बघितलंत. माझे दोन क्रेडिट तुम्ही काढलेत."

"सर, तुम्ही होतात. पण कागदावर नव्हतात. पुरावा काही आहे का?"

पुरावा होता. पळत जाऊन दुकानदाराच्या वहीच्या त्या पानाची झेरॉक्स आणली. तारीख, वस्तू, रक्कम, सगळं स्वच्छ अक्षरात. भाऊसाहेबांनी कागद चष्म्याजवळ धरला, मग लांब धरला.

"यात तुमचं नाव कुठंय? 'कॉलेजवाले सर' लिहिलंय. कोणते सर?"