सोबत : बायको १

परवाची गोष्ट, आणि अजून डोकं शांत झालेलं नाही म्हणून लिहून टाकते. सरकारी ऑफिसच्या गेटवर रजिस्टर असतं ना, नाव, गाव, काम, वेळ, आणि शेवटी एक 'सोबत' नावाचा रकाना. आमच्या पुढच्या माणसाच्या रकान्यात 'पिशवी १' लिहिलेलं होतं. त्याच्या वर 'हेल्मेट १'. रखवालदाराने माझ्या नवऱ्याला नाव विचारलं, परत विचारलं, तिसऱ्यांदा विचारायच्या भानगडीत न पडता 'परदेशी' असं लिहून टाकलं, मग मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'बायको १'.

नवरा पोलंडचा. लग्नाला अकरा वर्षं झाली, सगळी इथेच, खाडीच्या तोंडाशी माझ्या आईच्या घरात. आता त्याला भारताचं नागरिकत्व हवंय. भारतीय माणसाशी लग्न झालेल्याने सात वर्षं इथे काढली की अर्ज करता येतो, म्हणजे अर्जाआधीचे बारा महिने सलग आणि त्याच्या मागच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. त्याची आई आजारी होती तेव्हा तो पाच महिने तिकडे होता, ते वजा करून आम्ही कॅलेंडरं जमिनीवर पसरून हिशोब केला होता. 'ओसीआय कार्ड घ्या की' असं सगळेच सांगतात, म्हणजे पासपोर्ट परदेशीच ठेवून इथे कायम राहायची मुभा. पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन घेता येत नाही. वाडीच्या नळपाणी योजनेसाठी ग्रामसभेत सगळ्यात जास्त तावातावाने बोलणारा माणूस हा, आणि मतदानाच्या दिवशी ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोटाची शाई बघत बसतो.

तर पत्र आलं, 'अर्जदाराने जोडीदारासह समक्ष हजर राहावे'. तेही ऐन सीझनमध्ये. घरात शंभरेक पेट्या भरायच्या पडलेल्या, गवत अंथरून आंबे लावायचे, वर वजन, बारका-मोठा वेगळा, आणि पेटी भरणारी मुख्य बाई म्हणजे मी. ते सगळं आईच्या गळ्यात टाकून पहाटेची एसटी पकडली. जोडीदारासह म्हटलंय म्हणजे मला काहीतरी विचारणार, म्हणून मी रात्री उजळणीसुद्धा केली होती. सासूबाईंचं माहेरचं आडनाव, लग्नाची तारीख, हा कुठल्या कुशीवर झोपतो.

नावाचं सांगायचं राहिलं. त्याचं नाव ग्झेगोश. इंग्रजीत लिहिलं की जी, आर, झेड असं सुरू होतं आणि झेडवरच संपतं, त्यामुळे व्हिसावाल्यांनी त्याचा ग्रझेगोर्झ केला, लग्नाच्या दाखल्यावर ग्रेगोर आहे, आणि गॅसच्या पुस्तकावर चक्क गजेश. घरी त्याला लाडाने ग्झेश म्हणतात, त्यामुळे गजेश हे खरं तर सगळ्यात जवळचं. गाव त्याला गजाभाऊच म्हणतं.

आत बाकडं होतं, त्यावर एक आजोबा बसलेले. पांढरा लेंगा, मांडीवर सातबाऱ्यांचं भेंडोळं, त्याला रबरबँड नाही तर केळीचं सोपट बांधलेलं. त्यांनी आधी ग्झेशच्या पायांकडे बघितलं (चप्पल, भेगा), मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा पायांकडे. हिशोब लागेना तसे माझ्याकडे वळले.

"काय गो बाय, हो गोरो तुजो कोण?"

"घोव."

"लगीन झाला मा?"

"अकरा वर्सां झाली."

"आणि ऱ्हवता खंय?"

"आमच्याकडेच. आयेच्या घरात."

"म्हंजे घरजावई!" आजोबा एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की आतल्या टायपिंगचा आवाज थांबला. मग सगळ्या बाकड्याला उद्देशून, "आयकलास? घरजावई होवक पण आता अर्ज करूचो लागता. आमच्या भावाचो जावई पंदरा वर्सां बसान खाता, तेका कोणी कागद इचारूक नाय."

मला हसू आलं आणि रागही आला, कारण अकरा वर्षं मी लोकांना ही भानगड समजावतेय आणि या माणसाने ती एका शब्दात निकालात काढली. भारत सरकारचा घरजावई. फॉर्मवर हेच छापावं.

मग खरा इंटरव्ह्यू सुरू झाला. आजोबांनी मला बाजूला सरकायला लावलं आणि ग्झेशला जवळ बसवून घेतलं.

"खंयचो तू?"

"पोलंडचो."

"वळिवड्याचो?"

यावर माझा नवरा जो काही फुलला! झालं असं होतं की दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पाचेक हजार पोलिश लोकांना कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणीत ठेवलं होतं, १९४३ ते १९४८, बहुतेक बायका आणि पोरं. आमच्या ऑफिसांत पोलंड म्हटलं की 'हॉलंड का?' असं विचारतात, आणि इथे लेंगा घातलेला म्हातारा वळिवडं काढतोय. आजोबांचे वडील म्हणे फोंड्याच्या घाटाने आंबे घेऊन तिकडे जायचे. "पयलो आंबो तेंनी सालीसकट खाल्लेनी," आजोबांनी सांगितलं. "बापूस सांगी. मगे बापसान कापून दाखवल्यान." खरं-खोटं आजोबा जाणे, पण ग्झेशच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर म्हणाला धुळीमुळे.

"बांगडो खातंस?"

"खातंय."

"काटे काडूक येतत?"

"येतत."

"तिरफळां घालतंस काय नाय?"

"बांगड्याक तिरफळां होयीच," ग्झेश म्हणाला, तेही असं की त्यात विचारण्यासारखं काय आहे.

आजोबांनी बाकड्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. "द्या तेका कागद," ते म्हणाले. माझ्या मते तिथेच सही-शिक्का करून आम्हाला घरी पाठवायला हवं होतं.

पण आजोबा माणूस सरळ, त्यांनी गोड बोलून कडूही सांगितलं. नागरिकत्व कशाला हवंय, तर मामाच्या कलमांच्या बागेतला तुकडा दोघांच्या नावावर घ्यायचाय, असं ग्झेशने सांगितलं. आजोबा बराच वेळ भेंडोळ्यावरून हात फिरवत राहिले. "नागरिक झालंस तरी शेतकरी होवचस नाय रे." महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो, नाहीतर परवानगी काढत बसा. मला हे माहीत होतं. मी ते अकरा वर्षं त्याला सांगितलं नव्हतं, एका वेळी एकच डोंगर म्हणून. एसटीत परत येताना त्यावर स्वतंत्र चर्चा झाली, ती इथे लिहीत नाही. आणि सांगणारे आजोबा कोण, तर सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली नऊ वारलेली, वारस नोंदीसाठी ही त्यांची सहावी खेप. जन्मापासून नागरिक, जन्मापासून शेतकरी, आणि बसलेत आमच्याच बाकड्यावर.

अडीच तास गेले. रत्नागिरीला ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, तीस वर्षं डांबून ठेवला. तो बिचारा जातो म्हणत होता, त्याला जाऊ देईनात. आमचा राहतो म्हणतोय, तर त्याला अडीच तास बाकड्यावर.

शेवटी आत बोलावलं. आत काय झालं ते सांगण्यासारखं फार नाही. साहेब सभ्य होते, फॅन चालू होता. ग्झेशला चार प्रश्न विचारले, चारही फॉर्मवर आधीच लिहिलेले. मी खुर्चीच्या टोकाला बसून वाट बघतेय की आता मला विचारतील. सासूबाईंचं आडनाव जिभेवर तयार. साहेबांनी यादी बघितली, 'जोडीदार' या शब्दापुढे बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

झालं. पहाटे चारला उठून, पेट्या टाकून मी जी आले ती या खुणेसाठी. पासपोर्टची झेरॉक्स असते, दाखल्याची झेरॉक्स असते, तशी मी. माझी झेरॉक्स चालत नाही एवढाच फरक.

आणि मग कारकुनाला माझं आधार कार्ड सापडलं. "मॅडम, यावर तुमचं लग्नाआधीचं नाव आहे."

म्हटलं, तेच माझं नाव आहे.

"यांचं आडनाव लावलं नाही?"

म्हटलं, त्यात सलग पाच व्यंजनं आहेत, तुम्ही लावून दाखवा. शिवाय कायद्याने सक्ती नाही. त्यावर त्याने लग्नाचा दाखला हातात धरून, खरोखर हातात धरून, विचारलं, "मग हे तुमचे पती कशावरून?"

साहेब मधे पडले, समजुतीच्या सुरात म्हणाले, अहो सहसा उलटं असतं, नवरे बायकांना घेऊन येतात, त्यामुळे जरा गोंधळ होतो. उलटं! १९५५च्या नागरिकत्व कायद्यात लग्नाच्या या कलमात 'स्त्रिया' असंच होतं, म्हणजे आपल्या पुरुषांनी बाहेरून बायको आणली तर तिला या दाराने घ्यायचं, आपल्या बाईने नवरा आणला तर तिचं ती बघून घेईल. १९८६ साली तिथे 'व्यक्ती' आलं. एवढी वर्षं झाली, खुर्च्या बदलल्या, पंखे बदलले, कॉम्प्युटर आले, गोंधळ तिथेच. लग्न झालं तेव्हा माझ्या आईने जावयाला ओवाळून आत घेतलं आणि लगेच त्याचा सी फॉर्म भरायला बसली, परदेशी माणूस घरात राहायला आला की चोवीस तासांत कळवायचं म्हणून. तुकडा ओवाळून टाकलेला पायरीवर तसाच, आणि ही चष्मा लावून त्याचा पासपोर्ट नंबर टाकतेय. ती नाही गोंधळली.

निष्पन्न काय, तर 'पत्नीने पतीचे नाव का लावले नाही' याचं माझं प्रतिज्ञापत्र जोडायचं आणि पुन्हा यायचं. जोडीदारासह.

बाहेर आलो तर आजोबा अजून तिथेच. कारकून जेवायला गेलेला. "झाला?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसलं. "मगे परत गावशात," म्हणाले, आणि सोपटाची गाठ पुन्हा घट्ट केली. ग्झेशने पिशवीतून साहेबांसाठी म्हणून आणलेले (मी नको म्हणत होते) चार हापूस काढून त्यांना दिले.

गेटवर रखवालदाराने रजिस्टर पुढे केलं. बाहेर पडायची वेळ, सही, आणि 'सोबत'च्या बाजूला एक बारीक रकाना, तो मी सकाळी पाहिला नव्हता. 'परत नेले'. ग्झेशने माझ्याकडे बघितलं, अगदी गंभीर चेहऱ्याने त्यात 'होय' लिहिलं आणि खाली मराठीत सही ठोकली : गजेश.

रखवालदाराने नाव वाचलं. म्हणाला, "मग सकाळीच सांगायचं ना."